दोनच तासांचा प्रश्न

१

कपडे धुण्याच्या दुकानात सगळे तिला रफूताई म्हणत. उंदराने कुरतडलेली शाल असो नाहीतर खिळ्यात अडकून फाटलेला कोट असो, ती असं रफू करायची की जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, हे ज्याचं कापड त्यालाही सापडू नये. डोळे तर तीक्ष्ण होतेच, पण नाक त्याहून तीक्ष्ण. गाठोडं सोडलं की सांगायची, या घरात कोणीतरी आजारी आहे, या घरात खिडक्या उघडत नाहीत. दुकानातल्या बायका थट्टा करायच्या, "रफूताई, तुम्ही असताना पोलिसांनी कुत्री कशाला पाळावीत?" तीही हसायची आणि सुईत दोरा ओवायची.

त्यामुळे त्या सोमवारी संध्याकाळी नवरा खोकं घेऊन आत आला, तेव्हा खोक्यात काय आहे ते तिला आधी नाकानेच कळलं. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. शांत माणूस, तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू दिवसभर फिरवणारा, आवाज कधी चढवायचा नाही. त्याने खोकं टेबलावर ठेवलं आणि आतून मूठभर पांढरं पिल्लू बाहेर आलं.

"अहो, हे काय? आक्काला विचारलंत का?"

आक्का म्हणजे घरातली मांजर. करड्या रंगाची, दहा वर्षांची, अनोळखी माणूस दिसलं की फिस्कारून कपाटावर चढून बसणारी. लग्नानंतर वर्षभराने रफूताईनेच तिला आणली होती.

"आक्का म्हातारी झाली," तो म्हणाला. "घरात काहीतरी नवं हवं."

"सरकेल जुनी जरा बाजूला," सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाल्या. त्या आक्काकडे बघत नव्हत्या.

रफूताईला ते जरा लागलं. अकरा वर्षं तिने या घरासाठी जीव काढला होता. मूल झालं नाही, माहेर राहिलं नाही. होतं ते एवढंच, स्वयंपाकघर, दोन खोल्या, मागची एक खोली आणि ही दोन माणसं. यातली एखादी खिडकीसुद्धा तिने कोणाला दिली नसती. पण पिल्लाने तिचं बोट चाटलं आणि ती विरघळली. पिल्लाचं नाव धाकटी ठेवलं.

२

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पद्धत समजावून सांगितली होती. रफूताईने ती चांगल्या अक्षरात कागदावर उतरवली आणि फ्रिजच्या दारावर लावली.

पहिलं, नवी बंद खोलीत. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहायचं नाही. दुसरं, वासाची ओळख; एकीचं फडकं दुसरीच्या अंथरुणात. तिसरं, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. रोज एक फरशी जवळ. चौथं, जुनी खोलीत आणि नवी घरभर, दोन तास. पाचवं, सवय झाली की दार उघडं.

नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"हे चौथं कशासाठी?"

"म्हणजे नवीला घर कळतं. आणि जुनीला कळतं की हे घर आता आपल्या एकटीचं नाही."

"आणि जुनी ओरडली तर?"

"ओरडू द्यायचं. दार उघडलं की संपलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोनच तासांचा प्रश्न असतो."

"दोघी समोरासमोर आल्या तर?"

"अहो, येऊच द्यायच्या नाहीत ना! नवीला आधी न्हाणीघरात कोंडायची, मग जुनीला खोलीत न्यायची." आपल्याला कोणीतरी एवढं मन लावून विचारतंय याचं तिला कौतुकच वाटलं.

सासूबाई सुस्कारा टाकून म्हणाल्या, "आमच्या वेळी असं लिहिलेलं काही नव्हतं हो. उगाच केवढा आरडाओरडा झाला."

"तुम्ही कधी मांजर पाळलं होतंत, आई?"

"होतं की. तू आलीस तेव्हा होतं."

हो, खरंच. रफूताईला आठवलं. लग्न होऊन ती आली, तेव्हा दारात लाल सपाता ठेवलेल्या होत्या, घरात घालायच्या. कोणी मापही विचारलं नव्हतं, पण पायात चपखल बसल्या. अजून त्याच वापरत होती ती, दोनदा टाके घालून. आणि त्याच दिवशी मागच्या खोलीच्या दारावर आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज आला होता. तिने विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "काही नाही गं, मांजर आहे आत." ते मांजर तिला कधी दिसलं नाही. आठवडाभराने आवाज थांबला. नवी नवरी, खोदून खोदून काय विचारणार?

३

पद्धत सुतासारखी सरळ चालली. धाकटी मागच्या खोलीत राहिली. धाकटीच्या अंगाखालचं पिवळं फडकं आक्काच्या टोपलीत गेलं. आक्काने ते पंजाने लांब ढकललं, दोन दिवसांनी त्यावर डोकं टेकवलं. पॅसेजमधल्या सात फरश्या रफूताईने मोजल्या आणि आक्काची वाटी रोज एक फरशी पुढे सरकवत नेली. प्रत्येक पायरी झाली की कागदावर पेन्सिलीने बरोबरची खूण.

चौथ्या पायरीच्या दिवशी तिने धाकटीला न्हाणीघरात ठेवलं, आक्काला उचललं आणि मागच्या खोलीत नेऊन सोडलं. दार लावलं, बाहेरून कडी घातली. या खोलीला कडी बाहेरूनच होती. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं. मग धाकटीला मोकळं केलं.

आक्का आधी गप्प होती. मग धाकटीची नखं फरशीवर वाजताना तिने ऐकली असावीत. ती ओरडायला लागली. अगदी माणसासारखं, शब्द सापडत नसल्यासारखं. दारावर नखं घासत होती, फटीतून पंजा बाहेर काढत होती.

"अगं बाई, काय हे नाटक!" रफूताई म्हणाली आणि तिने चहा टाकला. तिघं पॅसेजमध्येच खुर्च्या टाकून बसले. धाकटी आक्काच्या उशीवर लोळली, आक्काच्या वाटीत तोंड घालून बसली. दर वेळी आतून हंबरडा यायचा आणि सासूबाई हसायच्या. रफूताईही हसली. सासू-सुना मिळून अशा कधी हसल्या नव्हत्या. अकरा वर्षांत सासूबाईंनी पहिल्यांदाच तिच्या पाठीवर हात ठेवला.

"शाबास गं. तुला नीट जमतं हे. मन घट्ट करावं लागतं."

दोन तासांनी दार उघडलं, तेव्हा आक्का कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. रफूताईने हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. रफूताईने तिची वाटी धुतली आणि पुन्हा भरून ठेवली.

४

दोन आठवड्यांत आक्का आणि धाकटी एका टोपलीत झोपायला लागल्या. पाचवी खूण झाली. कागद काढून टाकावा म्हणून रफूताई फ्रिजपाशी गेली, तर पहिल्या ओळीपुढे तिच्या पेन्सिलीच्या खुणेशेजारी आणखी एक खूण होती. निळ्या शाईची, बारीक, नीटनेटकी.

"अहो, ही खूण तुम्ही केलीत?"

"हो," नवरा भिंगातून काच तपासत म्हणाला. "राहू दे कागद. उपयोगी आहे."

"कोणाला?"

"राहू दे."

मागच्या खोलीचं दार मात्र पुन्हा बंद होतं. बाहेरून कडी आणि कडीला कुलूप. धाकटीने घाण करून ठेवलीय, फिनेल टाकलंय, दोन-चार दिवस वास जाऊ दे, असं सासूबाई म्हणाल्या. रफूताई दाराजवळ उभी राहिली. फिनेलचा वास नव्हता. कोऱ्या कापडाचा वास होता, ठाणावरून नुकतंच फाडलेल्या, खळ न काढलेल्या. तिला वाटलं, आपल्याच अंगाला चिकटून दुकानातून आला असेल. दिवसभर कापडात बसल्यावर आणखी कसला वास येणार?

तीन दिवसांनी सकाळी अंथरूण झटकताना तिच्या उशीच्या अभ्र्यातून एक मोजा पडला. करडा, बायकी, तिचा नसलेला. तिने तो नाकाशी नेला आणि लगेच दूर धरला. तोच, खळीचा. आणि खळीच्या खाली काहीतरी गार, कधी उन्हात न गेलेलं.

नवऱ्यावर संशय घ्यावा तर कसा? बाईच्या अंगाचा वास असता, तर ती रडली असती, भांडली असती, तोंड सोडलं असतं. पण त्या मोज्याला माणसाचाच वास नव्हता.

तिचा निळा रुमालही सापडेना. घाम पुसायचा, रोजचा. मोजा कचऱ्यात टाकून ती कामाला निघाली, तेव्हा जाताजाता कागदाकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीपुढे निळी खूण झाली होती.

५

मग जेवणाचं टेबल हललं.

"उजेड बरा आहे इकडे," नवरा म्हणाला. टेबल पॅसेजच्या तोंडाशी आलं होतं. रफूताईची खुर्ची आतल्या बाजूला, मागच्या खोलीकडे पाठ करून. दुसऱ्या दिवशी टेबल आणि खुर्ची दोन्ही अजून जरा आत होती. तिसऱ्या दिवशी तिने जेवता जेवता फरश्या मोजल्या. पाठीमागे चार. आदल्या संध्याकाळी पाच होत्या, हे ती शपथेवर सांगू शकली असती, पण सांगणार कोणाला?

"आई, माझी खुर्ची कोण सरकवतं?"

"खुर्ची?" सासूबाईंनी तिच्या ताटात भात वाढला. हल्ली त्या स्वतः वाढायच्या, आग्रह करायच्या. "जेव गं पोटभर. सवयीने जेवावं."

आणि तेव्हा तिला ऐकू आलं. पाठीमागे, दारापलीकडे, जमिनीलगत. चमचा ताटलीवर घासल्याचा आवाज. तिने घास घेतला की तो व्हायचा. ती थांबली की थांबायचा. तिने मुद्दाम दोन घास भरभर घेतले. आतूनही दोनदा, भरभर.

"ऐकलंत?"

"कबुतर असेल खिडकीत," नवरा म्हणाला.

त्या खोलीला खिडकी होती, पण ती बाहेरून विटा लावून बुजवलेली. रफूताईला हे माहीत होतं. नवऱ्यालाही माहीत होतं. पण त्याने इतक्या मायेने तिच्या हातावर थोपटलं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. वेड लागायची वेळ आली का आपल्यावर? मांजरांची पद्धत कोणी माणसांवर करतं का? असं कोणाला सांगितलं, तर दुकानातल्या बायका महिनाभर हसतील.

तरी शेवटच्या फरशीवर खुर्ची आली त्या दिवशी तिने जेवताना पाय वर घेतले. दाराखालच्या फटीतून येणारा वास बदलला होता. खळ जवळजवळ गेली होती. आता त्यात इस्त्रीची वाफ होती आणि डोक्याच्या तेलाचा वास होता. तिच्याच तेलाचा.

६

रविवारी सोक्षमोक्ष लावायचा, असं तिने ठरवलं. कुलूप तोडायचं, आत बघायचं, काही नसेल तर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची. दुकानातून मोठी पक्कड आणून तिने पिशवीत लपवून ठेवली होती. सकाळी कागद बघितला. निळ्या खुणा तीन होत्या. चौथी ओळ मोकळी होती.

'चौथी होऊ द्यायची नाही,' ती मनात म्हणाली. 'काय वाटेल ते होवो, त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. दारातूनच बघायचं.'

पण दुपारी ती पक्कड घेऊन पॅसेजमध्ये आली, तेव्हा कुलूप आधीच काढलेलं होतं. दार सताड उघडं होतं. खोली रिकामी, पुसलेली, फरशी ओली. एक जुनं कपाट, एक सतरंजी, बस. तिच्या हातातली पक्कड खाली आली. नवरा दाराशी उभा होता.

"बरं झालं आलीस. धाकटी बघ ना, कपाटामागे अडकलीय. मला हात लावू देत नाही."

आतून धाकटीचं केविलवाणं म्यांव येत होतं. दमलेलं, घुसमटलेलं.

"तुम्ही कपाट सरकवा."

"सरकवलं तर चिरडेल. तुझ्याकडे येईल ती. तुझ्याशिवाय कोणाकडे येते का?"

रफूताईने सगळीकडे नजर टाकली. सासूबाई न्हाणीघराच्या बंद दाराला पाठ लावून उभ्या होत्या, हात मागे, कडीवर. पाण्याचा आवाज नव्हता. ते तिने पाहिलं, पण मनाशी जुळवलं नाही. धाकटी पुन्हा ओरडली, या वेळी अगदी बारीक.

"सपाता काढ," नवरा म्हणाला. "ओलं आहे, घसरशील."

तिने सपाता काढल्या. चार पावलं आत गेली, गुडघ्यावर बसली, कपाटामागे हात घातला. धाकटीच्या पुढच्या पायाला दोरी होती आणि दोरी कपाटाच्या पायाला बांधलेली होती. गाठ बारीक, नीटनेटकी.

मागे दार लागलं. कडी पडली.

"अहो!"

"शांत राहा," तो दारापलीकडून म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दोनच तासांचा प्रश्न आहे."

७

ती ओरडली. किती वेळ, कोण जाणे. हात दुखेपर्यंत तिने दार बडवलं, पकडीने बिजागरी उचकटायला गेली, तर पक्कड निसटून कपाटाखाली गेली. मग ती दाराला टेकून खाली बसली, आणि डोळे अंधाराला सरावल्यावर तिला दाराच्या आतल्या बाजूचा रंग दिसला. जाड, दोनतीन हात दिलेला. त्यावर आणि त्याखाली ओरखडे होते. खाली आक्काचे, बारीक, नवे, रंगावरचे. त्यांच्या वर, बसलेल्या बाईचा हात पोचेल तिथे, रंगाखालचे. पाच पाच बोटांचे.

तिने त्यांवर आपली बोटं ठेवली. बसली. चपखल.

बाहेर न्हाणीघराची कडी निघाली. "ये," सासूबाईंचा आवाज आला. इतका मऊ आवाज त्यांनी अकरा वर्षांत तिच्याशी काढला नव्हता. "ये गं बाळ. भिऊ नको. हे बघ, हे सगळं तुझंच."

रफूताई फरशीवर आडवी झाली. गाल ओल्या फरशीला लावून तिने फटीतून बाहेर पाहिलं. पॅसेजचा उजेड, खुर्चीचे पाय. मग लाल सपाता. त्यात पाय होते. डावी सपाता उजव्या पायात, उजवी डाव्या.

"उलट्या घातल्यास गं," सासूबाई म्हणाल्या. "काढ. हां. आता बरोबर."

पाय नीट टेकले, आणि चालायला लागले. स्वयंपाकघरात गेले. भांडं वाजलं, नळ सुटला, गॅस पेटला. मग पाय खोलीत गेले, पलंग करकरला. माझा पलंग, माझं भांडं, माझा नळ! ती काय ओरडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. शब्द संपले होते, नुसता आवाज येत होता.

'आक्का,' तिच्या मनात आलं. आक्का अनोळखी माणसाला सहन करत नाही. फिस्कारेल, बोचकारेल, घर डोक्यावर घेईल. एवढी एकच माझी आहे.

पावलं परत आली. फटीतून आक्काचे चार पाय दिसले, थबकलेले. आक्काने त्या सपातांचा वास घेतला. सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग तिने शेपूट उभी केली आणि त्या पायांना अंग घासलं. घुरघुर थेट आतपर्यंत ऐकू आली.

कोणीतरी टाळी वाजवून हसलं. फ्रिजच्या दारावर पेन कुरकुरलं.

रफूताईने उरलेल्या सगळ्या जोराने दारावर नखं ओढली. सपाता दाराकडे वळल्या. जवळ आल्या. गुडघे टेकले, आणि फटीपाशी एक हात फरशीवर आला. डाव्या हाताची पहिली दोन बोटं, टोकांना सुईचे काळे ठिपके. वीस वर्षं सुई टोचल्यावर पडतात तसे. त्या बोटांत निळा रुमाल होता. फटीतून वास आत आला, इस्त्रीचा, तेलाचा, आणि रफूताईने पहिल्यांदाच स्वतःच्या अंगाचा वास घेऊन पाहिला. ओल्या फरशीचा होता. दुसरा काही नव्हता.

"अगं," ती फटीशी तोंड नेऊन म्हणाली, किंवा तिला वाटलं की ती म्हणाली, "अगं, त्या सपाता तुझ्या नाहीत. माझ्याही नव्हत्या."

बाहेरची बोटं दचकून मागे गेली.

"आई," नवा आवाज आला. अजून थोडा कोरा होता, पण दोन दिवसांत कोणाला फरक कळला नसता. "या खोलीत काय आहे?"

"काही नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "मांजर आहे आत."